बिनप्लगरावांचा एकुलता एक प्लग

आगारात त्यांना खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. तोंडावर बिनप्लगराव, पाठीमागे नुसतं बिनप्लग, आणि फलाटावरचे पडदे बंद पडले की लोक जे काही म्हणत ते छापण्याजोगं नाही. नाव त्यांना आवडायचं. लोक चिडवायला म्हणताहेत हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चिडवण्यावरही कौतुकाची पातळशी साय असते, आणि तेवढी अलगद काढून खाण्यात बिनप्लगराव तरबेज होते.

माणूस अंगानं किरकोळ. कमरेला वायर कापायची पक्कड आणि चालताना मान कायम वर, कारण त्यांचा सगळा पसारा खांबांच्या डोक्यावर. कोणती बस कुठल्या फलाटाला लागणार ते सांगणारे पडदे, गर्दीवर डोळा ठेवणारे कॅमेरे, भोंगे, घड्याळं, हे सगळं ज्या जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, चालायचं ते जाळं त्यांचं. मुख्य पेटी चौकशीच्या खिडकीमागच्या कोठीत. तिथून निळ्या वायरी निघून छपराच्या लोखंडी तुळयांवरून खांबाखांबापर्यंत जायच्या, आणि प्रत्येक खांबावर एक लहान पेटी असायची. तिला स्विच म्हणतात. स्विच म्हटल्यावर दिव्याचं बटण डोळ्यांपुढे आणू नका. एका वायरीतून आलेलं जाळं पाच-सहा वायरींच्या ताटात वाढणारी ती वाढपीण. आता वाढपिणीलाही पोट असतंच. तिलाही वीज लागते. आणि खांबावर, कबुतरांच्या शेजारी, प्लग कुठून आणायचा?

भानगड इथेच सुरू झाली. प्लग बसवायचं काम आगाराच्या कंत्राटी वायरमनचं, आणि वायरमन होता बिनप्लगरावांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

त्याला सगळे उद्याशेठ म्हणायचे. हात असा, की त्यानं बसवलेलं बटण दाबताना सुख वाटावं. पण तो ते बसवायचा उद्या. खांबांवर प्लग हवेत म्हणून बिनप्लगरावांनी त्याला सांगितलं, तेव्हाही तो "उद्या येतो, भाऊजी" म्हणाला आणि तो उद्या अख्खा उन्हाळा पुरला. शेवटी आला, आणि प्लग बसवून गेला तो पाण्याच्या टाकीमागे. तिथे शिडी लागत नव्हती.

"अरे, खांब तिकडे आहे!" बिनप्लगराव ओरडले.

"मग सरकवा की खांब," उद्याशेठ पिशवी आवरत म्हणाला. "मी काय नको म्हणतोय?"

त्या दिवशी बिनप्लगरावांनी मनाशी गाठ बांधली. या माणसाच्या तोंडाकडे पुन्हा बघायचं नाही. त्यांनी शोधाशोध केली आणि त्यांना असे स्विच सापडले ज्यांना प्लग लागतच नाही. कोठीतल्या मुख्य पेटीकडून येणारी जी जाळ्याची वायर, तिच्यातूनच वीजही येते. स्विच त्यातली आपल्यापुरती घेतो आणि उरलेली पुढे कॅमेऱ्याला, घड्याळाला, भोंग्याला देतो. खांबावर चढवा, वायर खुपसा, दिवा लुकलुकला. भिंत फोडणं नाही, वायरमनच्या मिनतवाऱ्या नाहीत, उद्या नाही.

पहिला स्विच लुकलुकला तेव्हा बिनप्लगराव शिडीवरून उतरले ते वेगळाच माणूस होऊन. त्यांना साक्षात्कार झाला होता, आणि साक्षात्कार झालेल्या माणसाशेजारी बसायची वेळ कुणावर येऊ नये. चहावाला, ड्रायव्हर, बस चुकलेले उतारू, सापडेल त्याला खांबाखाली उभं करून ते वर बोट दाखवायचे. "दिसतोय कुठं प्लग? शोधा! सापडला तर माझं नाव बदला." नाव लोकांनी लगेच बदललं. आगारातले सगळे एक्स्टेन्शन बोर्ड त्यांनी गोळा करून भंगारात दिले. एक्स्टेन्शन म्हणजे विजेची भीक, असं त्यांचं म्हणणं.

घरी मात्र ती भीक चालूच होती. बायकोचं शिलाईचं विजेवरचं मशीन खिडकीपाशी, आणि प्लग पलीकडच्या खोलीत. मधे उंबरठ्यावरून चिकटपट्टी मारलेली पांढरी वायर. तिला अडखळल्याशिवाय त्या घरात कुणाला जाता येत नसे. खिडकीपाशी एक प्लग हवा म्हणून बायकोनं भावाला सांगितलं की तो म्हणायचा, "उद्या, ताई." नवऱ्याला सांगितलं की तो म्हणायचा, "प्लगच कशाला? मी वेगळं काहीतरी बघतो."

"मशीन आहे ते," बायको म्हणायची, "कबुतर नाही, खांबावर बसवायला."

आता मूळ गोष्ट. एका सुट्टीच्या दिवशी उद्याशेठ बहिणीकडे जेवायला आला होता. बिनप्लगरावांनी पानावर बसल्याबसल्या आपला साक्षात्कार वाढायला घेतला. "तुझ्या धंद्याचे दिवस भरले रे. भिंतीला भोकं पाडणाऱ्यांना आता कुत्रं विचारणार नाही."

उद्याशेठनं घास गिळला. "भाऊजी, एक विचारू? तुमची ती कोठीतली मोठी पेटी. ती कशावर चालते?"

बिनप्लगरावांनी आमटीची वाटी तोंडाला लावली.

"नाही, सहज विचारलं," उद्याशेठ म्हणाला. "कारण तिच्यामागचा प्लग मीच लावलाय, चांगला आठवतंय. ती काय आता हवेवर चालते?"

बायको फिसकन हसली. ती हसली नसती तर पुढचं घडलं नसतं, असं बिनप्लगरावांचं म्हणणं. पण पुरुषांच्या भांडणाचं खापर शेवटी कुणाच्या तरी हसण्यावर फुटतंच. ते अर्ध्या पानावरून उठले. दुसऱ्या दिवशी आगारप्रमुखांसमोर बसून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आता आपल्याला बाहेरचा वायरमन लागतोच कशाला? सगळं बिनप्लग झालंय." आगारप्रमुखांना खर्चाला कात्री लावण्यासारखा आनंद दुसऱ्या कशात नव्हता. त्यांनी तत्परतेनं उद्याशेठचं कंत्राट कापलं. दिवे बदलायचं काम गेलं कार्यशाळेतल्या मेकॅनिककडे, जो बसच्या बॅटरीला आईच्या मायेनं हात लावायचा, पण भिंतीतल्या विजेला दुरून नमस्कार करायचा.

इतकं होईल असं बिनप्लगरावांना वाटलं नव्हतं. पण झाल्यावर, मीच बोललो होतो, हे सांगायलाही जीभ उचलली नाही. आगारप्रमुखांनी परस्पर केलं, एवढंच त्यांनी घरी सांगितलं. उद्याशेठचं बहिणीकडे येणं बंद झालं. जेवायला वाढताना बायको आता एक ताट जास्त काढायची आणि मग परत ठेवायची. भांड्याचा तो आवाज बिनप्लगरावांना रोज ऐकू यायचा आणि रोज ते वर छताकडे बघायचे.

मेहुण्याचा तो प्रश्न मात्र घशात काट्यासारखा अडकला होता. कारण प्लग खरंच होता. कोठीत, मोठ्या पेटीच्या मागे, पिवळा पडलेला, उद्याशेठच्या हातचा. आगार बघायला कुणी पाहुणे आले की बिनप्लगराव त्यांना कोठीतही न्यायचे, आणि कुणी मागे डोकावलं की घाईघाईनं मधे उभे राहायचे. मग एके दुपारी त्यांनी त्या प्लगवर लाकडी खोकं ठोकलं, झाकणाला भिंतीचाच रंग दिला, आणि वर भलंमोठं दिनदर्शिकेचं पान लटकावलं. आता कोठीत कुणीही यावं. प्लग या जगात नव्हताच.

अडचण एवढीच, की प्लगला हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या आगाराची वीज अंगावर घेऊन तो त्या बंद खोक्यात, वारा लागत नाही अशा जागी, हळूहळू तापत राहिला.

पुढे आगाराची नवी शेड बांधून झाली. सहा नवे फलाट, नवे पडदे, आणि उद्घाटनाला परिवहन खात्याचे मोठे साहेब. आगारप्रमुखांनी बिनप्लगरावांना बोलावून समोर बसवलं.

"दोन मिनिटं तुम्ही बोला. साहेबांना ते तुमचं बिनप्लग प्रकरण ऐकायचंय. पण एक सांगून ठेवतो, साहेबांसमोर पडदे गेले, तर उद्यापासून हे काम बाहेरच्या कंपनीकडे."

"आणि मी?"

"हरवले-सापडले."

हरवले-सापडले म्हणजे आगाराच्या टोकाची ती खोली, जिथे लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, डबे आणि कुणाची तरी कवळी सांभाळत एक माणूस बसतो. तिथला माणूस नुकताच निवृत्त झाला होता आणि खुर्ची मोकळी होती. बिनप्लगराव ती खुर्ची बघून आले. तिचा एक पाय आखूड होता.

उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी बायकोला आणून पहिल्या रांगेत बसवलं. बायकोनं शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवली.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. पिशवीला बसू दे."

त्यांनी मान वळवून पाहिलं तर जुन्या फलाटाच्या शेवटच्या बाकावर, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून, उद्याशेठ शेंगदाणे खात बसला होता. बिनप्लगराव तडक बायकोकडे वळले.

"हा कशाला?"

"सार्वजनिक जागा आहे," बायको म्हणाली. "आणि त्याला म्हटलं, तुझे भाऊजी बोलणारेत. लांबून ऐक."

तेवढ्यात चौकशीच्या खिडकीतल्या बाई पदरानं वारा घेत आल्या. या बाईंना आगारातल्या प्रत्येकाची कुंडली तोंडपाठ. त्यांची खिडकी बसची चौकशी करायला नव्हतीच, बाकी सगळ्या चौकशीसाठी होती.

"अहो बिनप्लगराव, तुमची भिंत ओरडतेय."

"काय?"

"कोठीतली. पीं पीं करतेय मघापासून. आणि वासही येतोय कसलातरी."

"बाई, मोठे साहेब येताहेत! आत्ता भिंती बघू?"

"नका बघू. मला काय," असं म्हणून बाई परत गेल्या, पण खिडकीत न बसता दाराशी उभ्या राहिल्या. काहीतरी घडणार असलं की त्यांना पुढची जागा लागायची.

ते पीं पीं भिंतीचं नव्हतं. प्लग जळला की लगेच काळोख होऊ नये म्हणून मुख्य पेटीखाली बॅटरी असते. ती थोडा वेळ तग धरते आणि आपलं पोट रिकामं होत चाललं की बोंब मारते. बॅटरी इमानी होती. मालक भाषणाच्या तयारीत होता.

मोठे साहेब आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. बिनप्लगराव माइकसमोर उभे राहिले. घसा खाकरला, मान वर केली, बोट उचललं.

"साहेब, या नव्या शेडमध्ये तुम्हांला पडदे दिसतील, कॅमेरे दिसतील, घड्याळं दिसतील. पण एक गोष्ट कुठे शोधूनही सापडणार नाही. ती म्हणजे..."

सहाही पडदे काळे झाले.

सगळे एकदम. घड्याळांवरचे आकडे गेले, भोंग्यातलं संगीत अर्ध्या सुरात मेलं. माइक आणि त्याच्या शेजारचा कर्णा कार्यशाळेच्या वेगळ्या वायरीवर होते म्हणून ते तेवढे जिवंत राहिले, आणि "ती म्हणजे" नंतरचा बिनप्लगरावांचा आवंढा सगळ्या आगारानं ऐकला.

"वा!" मोठे साहेब हसून टाळी वाजवत म्हणाले. "म्हणजे दाखवायला मुद्दाम बंद केलंत?"

"हो हो," आगारप्रमुख घाईनं म्हणाले, आणि बिनप्लगरावांच्या कानाशी येऊन पुटपुटले, "छत्र्या."

बिनप्लगराव कोठीकडे धावले. आत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला होता. दिनदर्शिकेचं पान कोपऱ्यात तपकिरी झालं होतं. झाकण इतकं बेमालूम रंगवलेलं, की त्यांना स्वतःलाच त्याची कड सापडेना. नखं मोडून ते उघडलं तेव्हा आत प्लग नव्हता, प्लगचा रस होता. कोठीत दुसरा प्लग नाही. पलीकडे चौकशीच्या खिडकीत बाईंच्या पंख्याचा एक होता, पण तिथवर जायला वायर हवी आणि आगारातला शेवटचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यांनी स्वतः भंगारात दिलेला. दारात मेकॅनिक उभा होता. त्यानं खोक्यात डोकावलं आणि हात मागे बांधले.

ते बाहेर आले तेव्हा बायको कोठीच्या दाराशी आली होती.

"जळलंय," ते म्हणाले. "बोलाव तुझ्या भावाला."

"मी? त्याला कापला तेव्हा मी होते का?"

"अगं, ते साहेबांनी..."

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "पुरे. तुमच्या तोंडून निघाल्याशिवाय साहेबांना सुचतं का काही? कंत्राट गेलं त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्हीच बोलवा."

चौकशीच्या बाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि कान इकडेच ठेवला. कळवलं कुणी ते सांगायला नको.

शेडपासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर तसं थोडंच. पण बिनप्लगरावांना ते चालताना पहिल्यांदाच मान खाली घालावी लागली, आणि सवय नसल्यानं ते दोनदा माणसांवर आदळले. उद्याशेठ शेंगदाण्याची टरफलं गोळा करत होता.

"चल," बिनप्लगराव म्हणाले.

"कुठं?"

"आत. कोठीत."

"उद्या आलो तर चालेल?"

बिनप्लगराव काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. हा माणूस गप्प उभा आहे हे दृश्य उद्याशेठनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं क्षणभर वर बघितलं, टरफलं खिशात टाकली आणि उठला.

"माझं कंत्राट तुम्ही घालवलंत, असं म्हणणार नाहीस?" चालता चालता बिनप्लगरावांनीच विचारलं.

"म्हणणार आहे की," उद्याशेठ म्हणाला. "जेवताना. आत्ता वीज कुठाय ते दाखवा."

खोक्यात बघून त्यानं शीळ घातली. "भाऊजी, याला पेटीत कशाला पुरलंत? बिचाऱ्याला श्वास तरी घेऊ द्यायचा." मेकॅनिकला त्यानं मेन बटण बंद करायला पिटाळलं, जळकी टोकं कापून गुंडाळली, मेन परत लावून घेतलं. "नवीन बसवायला वेळ लागेल. तोवर हे." आणि पिशवीतून त्यानं काढला, बिनप्लगरावांनी डोळे मिटून घ्यावेत असा, लांबलचक पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड. बाईंचा पंखा उपटला. तिथून वायर निघाली ती खिडकीतून, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावरून आडवी, सरळ कोठीत.

पडदे उजळले. घड्याळं उठून बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बिनप्लगराव पुन्हा माइकपाशी जाऊन उभे राहिले. आता काय बोलावं या विचारात त्यांचा चेहरा असा झाला होता, की पहिल्या रांगेत बायकोनं पिशवीत तोंड घातलं.

मोठे साहेब नवे फलाट बघायला उठले. गालिच्यावरून चालता चालता त्यांचा बूट वायरीत अडकला. ते पडले नाहीत, पण दोन पावलं नाचले.

"ही कसली वायर? कार्यक्रमात असा पसारा?"

"काढतो साहेब, लगेच काढतो!" म्हणत आगारप्रमुख खिडकीत शिरले. त्यांचा हात बाईंच्या पंख्याच्या प्लगवर पडला.

बिनप्लगराव माइकवर होते. त्यांच्या घशातून जे निघालं ते सगळ्या भोंग्यांतून, जुन्या फलाटांवर, कार्यशाळेत आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांतही ऐकू गेलं.

"नका! प्लग काढू नका! सगळं त्याच्यावरच आहे!"

आगारप्रमुख वाकल्या स्थितीत थिजले.

मोठ्या साहेबांनी वायरीकडे पाहिलं, मग खांबांकडे, मग माइककडे. "म्हणजे प्लग आहे?"

"आहे," बिनप्लगराव म्हणाले. माइक अजून चालू होता.

"किती?"

"एकच."

"आणि हा कुणी लावला?"

बिनप्लगरावांनी कोठीच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. "माझ्या मेहुण्यानं. आधीचाही त्यानंच लावला होता. मी तो झाकून ठेवला होता."

हशा पिकला तो जुन्या फलाटापासून. उद्याशेठ एक पाऊल पुढे आला. "साहेब, एकावर सगळं ठेवणं बरं नाही. शेजारी दुसरा हवा. उद्या लावतो."

"उद्या कशाला? आगाराचा वायरमन कुठंय?" साहेबांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर आगारातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळे आगारप्रमुखांकडे बघायला लागले. आगारप्रमुख सरळ झाले, घाम पुसला आणि म्हणाले, "हेच की साहेब. हेच आपले वायरमन." आणि बिनप्लगरावांना छत्र्यांच्या खोलीत पाठवायचं ते जे विसरले ते कायमचेच; कारण पाठवायचं तर का पाठवलं हे लिहावं लागलं असतं, आणि तसं लिहिताना मधे कुठेतरी स्वतःच्या कात्रीचा उल्लेख टाळता आला नसता. बिनप्लगरावांची खुर्ची अशी वाचली. त्यांच्या हुशारीनं नव्हे आणि खरेपणानंही नव्हे. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि या बाबतीत ते कुणालाही खांबाखाली उभं करत नाहीत.

कोठीत आता दोन प्लग आहेत, उघड्यावर, वारा खात. पाहुणे आले की बिनप्लगराव स्वतः दाखवतात. सूर मात्र असा, की हे दोन ठेवायची कल्पना त्यांचीच.

पुढच्या सुट्टीला उद्याशेठ बहिणीकडे जेवायला आला आणि कबूल केल्याप्रमाणे जेवताना जे म्हणायचं ते म्हणाला. बिनप्लगरावांनी मान खाली घालून ऐकलं. ताट रिकामं होईपर्यंत ऐकलं. मग बायकोनं दोघांना हात धुवायला लावून खिडकीपाशी नेलं आणि मशीनकडे बोट दाखवलं.

"आत्ता," ती म्हणाली. "उद्या नाही, आणि वेगळं काही नाही."

दुपारभर दोघं भांडले. उद्याशेठला प्लग खालच्या बाजूला हवा होता, बिनप्लगरावांना वर. एकाला भिंत ठिसूळ वाटली, दुसऱ्याला पहिल्याची अक्कल. शेवटी दोघांना पटणारी एकच जागा निघाली, ती खिडकीपाशी नव्हतीच. निघाली बाहेरच्या दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या बाजूला. बायकोनं मशीन तिथे ओढून आणलं. प्लग खुपसला, मशीन गरगरलं, आणि मग लक्षात आलं, की प्लग लावलेला असेल तर दार पुरतं लागतच नाही. हातभर उघडं राहतं.

"काढून दुसरीकडे लावतो, ताई," उद्याशेठ खजील होऊन म्हणाला. "उद्या."

"मी वेगळं काहीतरी..." बिनप्लगराव म्हणाले.

"हात लावू नका," बायको म्हणाली आणि शिवायला बसली.

ती दिवसभर शिवत असते. दार हातभर उघडंच असतं. उद्याशेठ हल्ली बेल वाजवत नाही. जेवायच्या सुमाराला त्या फटीतून आधी हत्यारांची पिशवी आत येते, आणि तोवर आत ताट मांडलेलं असतं.